रॉ फाइल: कार्डातून ग्राहकाच्या हातापर्यंत

डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीत सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची मोजमापे साठवलेली असतात. त्यांचे चित्र अजून बनायचे असते. बहुतेक सेन्सरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. जाळीतील निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. त्यामुळे प्रत्येक बिंदूपाशी एकाच रंगाची नोंद होते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरून काढावे लागतात. जेपेग निवडले असेल तर हे काम कॅमेराच उरकतो. व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस तो स्वतः ठरवतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि बाकीची माहिती टाकून देतो. १४ बिटच्या रॉ फाइलीत त्याच जागी १६,३८४ पायऱ्या असतात. पिवळ्या मांडवाखाली हळद चालू असताना चेहऱ्यांवर चढलेला रंग रॉमधून उतरवता येतो; जेपेगमध्ये तो उतरवायला फारसे काही शिल्लक नसते.

हे फायदे कॅमेरा विकणारा दुकानदारही सांगतो. फाइली हातच्या जातात कशा, हे मात्र काम करता करताच कळते. कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात फाइल खराब होण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक नुकसान फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होते: कार्डातून संगणकात, संगणकातून डिस्कवर, डिस्कवरून दुसऱ्या माणसाकडे. म्हणून जपायचे असते ते या टप्प्यांवर.

पहिला टप्पा कार्ड रिकामे करण्याचा. कार्यक्रम रात्री उशिरा संपलेला असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे लग्न असते आणि कार्डे मोजकीच असतात. अशा घाईत ‘कट’ करून ‘पेस्ट’ करण्याचा मोह होतो. मध्येच केबल हलली किंवा वीज गेली, तर काही फाइली ना कार्डावर राहत, ना संगणकात पूर्ण उतरत. कार्डावरून नेहमी कॉपीच करावी, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती तयार होऊन तपासून झाल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये. फॉरमॅट करायचे ते संगणकात न करता ज्या कॅमेऱ्यात कार्ड वापरायचे त्याच कॅमेऱ्यात. ज्या कॅमेऱ्याला कार्डासाठी दोन खाचा आहेत त्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहिण्याची सोय असते. दुसरे कार्ड जागा वाढवण्यासाठी न वापरता या सोयीसाठी वापरावे. कार्डाचा खर्च वाढतो, पण सप्तपदी पुन्हा घालायला कोणी सांगू शकत नाही.

फाइली चुकून पुसल्या गेल्या तरी सगळे संपले असे नसते. पुसताना बहुधा कार्डाच्या यादीतली नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो आणि त्यावर नवे काही लिहिले गेले की मगच तो नष्ट होतो. म्हणून चूक लक्षात येताच ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवावे. ‘एक फोटो काढून बघू’ हा विचारही करू नये. फोटोरेकसारखी मोफत सॉफ्टवेअर अशा फाइली शोधून देतात. शोधलेल्या फाइली त्याच कार्डावर न लिहिता दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या असतात. मूळ नावे मात्र परत मिळत नाहीत. शेकडो फाइली नुसत्या क्रमांकांनिशी हाती येतात आणि त्या वेळेनुसार लावण्यात बराच वेळ जातो.

नावांचा आणखी एक घोळ आहे आणि तो अधिक फसवा आहे, कारण त्यात काही बिघडल्याचे कळतच नाही. कॅमेरा फाइलींना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतो आणि पुढे पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे सारखीच नावे देतात. लग्नात दोन छायाचित्रकार असले आणि दोघांची कार्डे एकाच फोल्डरात उतरवली, तर संगणक ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ असे विचारतो. पेंगुळलेला माणूस ‘होय’ दाबतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या एका लग्नात वधूपक्षाकडील छायाचित्रांचा मोठा भाग असाच वरपक्षाकडील छायाचित्रांखाली गाडला गेला आणि ते कळले अल्बमची निवड करायला बसल्यावर. तोवर कार्डांवर दुसरी कामे होऊन गेली होती. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर करावा. कॅमेऱ्याच्या मेनूत नावाची सुरुवातीची अक्षरे बदलता येत असतील तर ती प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी द्यावीत. फाइली उतरवतानाच नावात तारीख आणि वेळ घालावी. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे कार्यक्रमापूर्वी जुळवलेली असली तर पुढची मांडणीही सोपी जाते.

प्रत झाली म्हणजे ती नीट झाली, असेही नाही. रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेले एक छोटे जेपेग असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते तेच आणि संगणकाच्या खिडकीत झरझर सरकतात तीही तीच. सेन्सरची मूळ माहिती तुटलेली असली तरी हे जेपेग शाबूत असू शकते. मग फोल्डर उघडल्यावर सगळे ठीक दिसते आणि एडिटिंगला घेतल्यावर चित्राचा खालचा अर्धा भाग गुलाबी किंवा करडा निघतो. तपासायचे तर फाइल रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उघडावी लागते. हजारो फाइलींसाठी चेकसम बरा: फाइलीतील प्रत्येक बिटवरून गणिताने एक आकडा काढला जातो, आणि मूळ फाइल व प्रत यांचे आकडे जुळले की प्रत तंतोतंत आहे असे धरता येते. हे काम करणारी मोफत साधने आहेत आणि ती रात्रभर चालू ठेवता येतात.

रॉ फाइलीत केलेले बदल कुठे राहतात, हे बहुतेकांना संगणक बदलताना समजते. चांगले सॉफ्टवेअर मूळ मोजमापांना हात लावत नाही; उजेड किती वाढवला, कडा कुठे कापल्या, याच्या सूचना वेगळ्या लिहून ठेवते. त्या रॉच्या शेजारी त्याच नावाच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत असतात किंवा सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये. लाइटरूम क्लासिकमध्ये सूचना आपोआप एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय मुळात बंद असतो. अशा संगणकावरून नुसत्या रॉ फाइली उचलून नेल्या तर चित्रे येतात, केलेले काम मागेच राहते. पर्याय चालू करावा, किंवा बॅकअपमध्ये कॅटलॉगही घ्यावा. दोन्ही केले तर उत्तम. रॉच्या शेजारची छोटी फाइल कचरा समजून पुसणारे मदतनीस प्रत्येक स्टुडिओत भेटतात, त्यांना हे आधी सांगून ठेवावे. फाइलीचे नाव बदलायचे तर दोन्हींचे एकदमच बदलावे.

पुढचा प्रश्न फॉरमॅटचा. कॅननच्या फाइली सीआर२ किंवा सीआर३, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू, फुजीफिल्मच्या आरएएफ. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असते आणि ती बहुधा उघड केलेली नसते. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलीत व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक रूपात ठेवल्याचे लक्षात आले, तेव्हा छायाचित्रकारांत मोठी नाराजी पसरली: काढलेल्या चित्राची माहिती वाचायला कंपनीची परवानगी का लागावी, असा सवाल होता. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून एकट्याने घडवलेल्या डीसीरॉ या मोफत प्रोग्रॅमने अशा अनेक मांडण्या उलगडल्या. आजची बरीच सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत.

व्यवहारात ही अडचण वेगळ्या रूपात येते. २०१८ मध्ये कॅननने ईओएस एम५० या कॅमेऱ्याबरोबर सीआर३ आणले. लाइटरूम ६ घेऊन बसलेल्यांना तोवर नवे अपडेट मिळणे बंद झाले होते, त्यामुळे त्यांच्याकडे ती फाइल उघडेना. तालुक्याच्या गावी अल्बम डिझाइन करणाऱ्यांकडे जुने फोटोशॉप असणे मुळीच दुर्मीळ नाही. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ त्यांना पाठवल्या की दुसऱ्या दिवशी ‘फाइली करप्ट आहेत’ असा फोन येतो, आणि फाइली तर धडधाकट असतात. फाइलीच्या शेवटची अक्षरे बदलून जेपीजी केल्याने काही साधत नाही, हेही सांगावे लागते. अडोबीने २००४ साली काढलेला डीएनजी हा फॉरमॅट येथे उपयोगी पडतो. त्याची मांडणी सर्वांना खुली आहे, रूपांतर करणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या आवृत्तीला चालेल अशी डीएनजी बनवण्याची सोय त्यात आहे. मूळ फाइल मात्र टाकू नये. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर बाहेर बनवलेली डीएनजी सहसा उघडत नाहीत, आणि कंपनीने फाइलीत लिहिलेले सगळेच बारकावे रूपांतरात टिकतील याची खात्री नसते. मूळ फाइल जतनासाठी आणि डीएनजी देण्यासाठी, ही वाटणी सोयीची.

जतनासाठी अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब अजून मोडीत निघालेला नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. यातला शेवटचा भाग सर्वांत जास्त टाळला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी दुकानांत शिरले तेव्हा एकाच कपाटातल्या दोन डिस्कांना वेगळे नशीब मिळण्याची सोय नव्हती. तळमजल्यावर स्टुडिओ असलेल्याने तिसरी प्रत नातेवाइकाच्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावी. क्लाउड परवडत असेल तर तेही चालते. पण आपोआप जुळवून घेणारा क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे: संगणकावर पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते आणि ठरावीक मुदतीनंतर परत मिळत नाही. एसएसडी वेगवान असते, परंतु वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी ती योग्य नाही. जुन्या कामासाठी साधी हार्ड डिस्क बरी. वर्षातून एकदा ती जोडून चेकसम पुन्हा ताडून पाहावा.

आता देण्याघेण्याविषयी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. रॉ पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. तेथे एका फाइलीची मर्यादा २ जीबी आहे. फोनच्या गॅलरीतून ‘शेअर’ केल्यास काही वेळा रॉऐवजी तिच्यापासून बनवलेले जेपेगच जाते, म्हणून पोचलेल्या फाइलीचा आकार विचारून घ्यावा. गुगल फोटोज वापरताना जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठी चित्रे लहान केली जातात. मूळ दर्जाचा पर्याय घ्यावा, तर फुकटची १५ जीबी जागा ३० एमबीच्या ५०० फाइलींत भरते. पूर्ण लग्नाच्या २,००० रॉ म्हणजे सुमारे ६० जीबी. सेकंदाला २० मेगाबिट या अपलोडच्या वेगाने, मध्ये काही अडथळा न येता, त्यांना साडेसहा तासांहून अधिक लागतात. पुण्याहून साताऱ्याला डिस्क पाठवणे कित्येकदा त्याहून लवकर होते. ती डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असावी, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येते. एनटीएफएसवर मॅक वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय लिहू शकत नाही. झिप केल्याने रॉचा आकार फारसा घटत नाही, मात्र शेकडो फाइली एकत्र राहतात आणि एखादी वाटेत गळत नाही.

रॉबरोबर आणखी काय जाते, याचाही विचार हवा. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, वेळ आणि जीपीएस चालू असल्यास ठिकाणाचे अक्षांश-रेखांश फाइलीत असतात. घरगुती समारंभात त्याने घराचा पत्ता उघड होतो. सह्याद्रीतल्या घरट्याचे किंवा दुर्मीळ ऑर्किडचे छायाचित्र असेल तर तस्कराला वाट सापडते. अशा ठिकाणी जीपीएस बंदच ठेवावे. मूळ रॉमध्ये शिरून माहिती पुसण्यापेक्षा, माहिती काढलेले जेपेग देणे केव्हाही सुरक्षित.

उलट, काही ठिकाणी रॉ दाखवल्याशिवाय चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ फाइली मागतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये आपल्या वन्यजीव स्पर्धेतील आदल्या वर्षीचे एक विजेते चित्र बाद केले. त्यातला मुंगीखाऊ प्राणी भुसा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता, आणि छायाचित्रकाराने दिलेल्या आधीच्या व नंतरच्या रॉ फाइलींपैकी एकीतही तो प्राणी नव्हता. स्पर्धेसाठी काम करणाऱ्याने निवडलेल्या चित्राच्या मागच्या-पुढच्या फाइलीही जपाव्यात, त्या इथे साक्षीला येतात.

राहिला ग्राहक. ‘सगळ्या रॉ द्या’ अशी मागणी आता सर्रास होते. बहुतेकांना त्या घरी उघडताही येत नाहीत, आणि उघडल्या तर फिकट, निस्तेज चित्रे पाहून काम वाईट झाले असे त्यांना वाटते. तरीही नकार देताना कायदा ठाऊक असावा. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे तोंडी ठरलेल्या लग्नाच्या कामात ‘फोटो आमचे’ हा ग्राहकाचा दावा निराधार नसतो. रॉ द्यायच्या की नाही, दिल्यास किती रकमेला, आणि स्टुडिओ त्या किती महिने सांभाळेल, या गोष्टी आगाऊ रकमेच्या पावतीवरच लिहाव्यात आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.