वरणाचे पाणी नको, घट्ट वरण द्या

सहा महिने पूर्ण झाले की केवळ आईचे दूध बाळाला पुरत नाही. अशा वेळी पुष्कळ घरांत वरणाचे पाणी पाजतात. त्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, पण अंगी फारसे काही लागत नाही. त्याऐवजी शिजलेले घट्ट वरण व मऊ भात, तिखट-मीठ घालण्यापूर्वी वेगळा काढून, कुस्करून, थोडे तूप घालून भरवावा. उरलेल्या वरणाला घरच्यांसाठी फोडणी द्यावी. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. घास चमच्यावरून ओघळू नये. आधी हात साबणाने धुवावेत. बाटली नको, वाटी-चमचा वापरावा. वर्षाच्या आत मध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे श्वासनलिकेत अडकू शकतात, तेही टाळावेत. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.