खो-खोचे मैदान आणि कोशिएनची माती
(द्वितीय वर्ष कला)

आपल्या रोजच्या बोलण्यात 'खो घालणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा आणणे. मैदानावर मात याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट आहे. तेथे खो घालायचा नसतो, द्यायचा असतो. आपण दमलो, वा धावणारी पलीकडच्या बाजूला निसटली, की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणावयाचे आणि तिची जागा घ्यावयाची. आपली दौड तिच्या स्वाधीन करावयाची. या खेळाचे सारे मर्म मला या देण्यात दिसते.

नियम बहुतेकांना ठाऊक असतात, पण त्यामागचा विचार सहसा कुणी पाहत नाही. दोन खांबांच्या मध्ये आठजणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. धावणारीला यातले एकही बंधन नाही. ती बसलेल्यांच्या मधून हवी तशी निसटते, साखळी खेळते, दोघी-तिघींभोवती गोल घेते. म्हणजे एकटीने पाठलाग केला तर बांधलेली हरणार आणि मोकळी जिंकणार, हे ठरलेलेच. बांधलेल्या नऊजणी मिळूनच मोकळ्या एकीला गाठू शकतात. नऊ मिनिटांच्या पाळीत (लहान गटात सात) हे पुन्हा पुन्हा घडते. निव्वळ वेगाने धावणारी मुलगी खो-खोत फार काळ टिकत नाही, असे माझे मत आहे. कुणी रागावले तरी चालेल.

या खेळाचे नियम प्रथम बांधले गेले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ च्या सुमारास. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. मध्यंतरी जपानविषयी वाचताना एक योगायोग लक्षात आला. तेथे शालेय बेसबॉलची मोठी उन्हाळी स्पर्धा सुरू झाली ती १९१५ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षाच्या अंतराने. बेसबॉल मूळचा अमेरिकन. होरेस विल्सन नावाच्या शिक्षकाने तो १८७२ मध्ये तेथे नेला आणि जपान्यांनी तो आपलासा केला. १९२४ पासून ही स्पर्धा कोशिएनच्या मैदानावर होते. एक सामना हरला की संघ घरी. हरलेली मुले त्या मैदानाची माती पिशवीत भरून नेतात, आणि त्यांचे रडणे सारा देश दूरचित्रवाणीवर पाहतो.

आमच्या वांगणीला माती कुणी पिशवीत भरून नेली नसती. ती तशीही कपड्यांबरोबर घरी येत असे. खो-खोचा शालेय हंगाम नेमका पावसाळ्यात सुरू होतो. मैदानावर फक्की मारावी तर तासाभरात ती वाहून जाई. कोरड्या मातीवर सूर मारला की गुडघा सोलतो, आणि चिखलात मारला की खांबावर टिपायच्या ऐवजी आपणच खांबापलीकडे जाऊन पडतो. बूट दोघी-तिघींकडेच होते. बाकीच्या अनवाणी, आणि चिखलात त्याच जास्त चपळ.

माझा शेवटचा पुरा हंगाम २०१९ चा, आठवीतला. त्या वर्षी २७ जुलैला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती. पाणी ओसरल्यावर मैदानावर गाळ बसला. तो आम्ही घमेल्यांनी काढला आणि आठवडाभरात सराव सुरू केला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. नववी आणि दहावी या दोन्ही वर्षांत आमच्या संघाच्या वाट्याला एकही सामना आला नाही.

येथे कोशिएन पुन्हा आठवते. २०२० ची उन्हाळी स्पर्धा तेथेही रद्द झाली. यापूर्वी १९१८ मध्ये तांदळाच्या भाववाढीवरील दंगलींमुळे आणि १९४१ मध्ये युद्धामुळे ती रद्द झाली होती. परंतु त्या ऑगस्टमध्ये तेथील लोकांनी एक गोष्ट केली. रद्द झालेल्या वासंतिक स्पर्धेसाठी निवडलेल्या ३२ शाळांना त्यांनी कोशिएनवर बोलावले आणि प्रत्येकीला एकच सामना खेळू दिला. विजेता नाही, पुढची फेरी नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या मैदानावर एकदा उतरता यावे, एवढाच हेतू.

आपल्याकडे असे म्हणतात की मुलाला खेळायचेच असेल तर तो पुढेही खेळेल. वयोगटाच्या हिशेबाने ते खरेही आहे, कारण सतरा वर्षांखालील गटात आमच्यापैकी बऱ्याचजणी अकरावीतही बसत होत्या. पण तोवर संघ उरला नव्हता. दहावीनंतर कुणी बदलापूरला, कुणी अंबरनाथला, कुणी उल्हासनगरला गेली. दोघींनी कर्जत लोकल धरून कारखाना गाठला, एकीचे लग्न ठरले. खो द्यायला पाठ समोर असावी लागते, आणि कोणती मैत्रीण पावलाच्या आवाजावरून उठायला तयार आहे हे पाच वर्षे एकत्र बसल्यावरच कळते. ते नव्या महाविद्यालयाच्या निवड चाचणीत दाखवता येत नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम दिवस होता. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच. सामने मॅटवर होते, दिव्यांच्या झगमगाटात. आमच्यापैकी सातजणींनी तो सामना आपापल्या घरी भ्रमणध्वनीवर पाहिला आणि मध्येच एकमेकींना संदेश धाडले. पहिला संदेश एवढाच होता : "मॅटवर गुडघे सोलत नसतील ना गं?"