झाडावर चढणारा नवा गडी

माघ सरत आला की माण, खटाव, आटपाडी, जत या भागात चिंचा पिकतात. टरफल वाळतं. आतला गर टरफलापासून सुटतो. वारा आला की आकडे खुळखुळतात. मग गावात व्यापारी येतो. तो झाडाखाली उभा राहतो, मान वर करून अंदाज घेतो आणि झाड उक्तं घेतो. दोन दिवसांनी माणसं येतात. खाली वेचायला बायका, वर झोडपायला गडी.

वरच्या गड्याला मजुरी जास्त मिळते. ती का जास्त, हे त्या गड्याच्या घरच्यांना विचारावं.

गेल्या हंगामात आम्ही आटपाडीकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. तिथं एक विशीतला पोरगा भेटला. त्याला चिंचेवर चढायचं काम धरायचं होतं. त्याच्या चुलत्याला सगळे तात्या म्हणतात. तात्यानं तीस वर्षं हेच काम केलं. अखेर एका सकाळी दवानं ओल्या फांदीवरून पाय निसटला. माणूस वाचला, पण कमरेखाली जोर राहिला नाही. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. घरात पोराला कोणी चढू देईना. आई तर ऐकूनच घेईना. पोरगा म्हणाला, "तात्या, तुम्हीच शिकवा. न्हाईतर मी शिकल्याबिगर जातो."

तात्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शिकवतो. पण आदी सामान घ्यायचं. कोयता न्हाई, पट्टा."

हे ऐकून आम्हांला नवल वाटलं. कारण आपल्याकडे नवा गडी पहिल्यांदा काय घेतो? धारेचा कोयता घेतो. नाहीतर लांब बांबू आणि आकडी घेतो. अंगाला बांधायचा पट्टा घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. तात्या स्वतः असंच बोलायचा म्हणे. "बांधून घ्यायला मी काय बैल हाय?" आता तो हे वाक्य पुन्हा बोलत नाही.

मग सामान काय घ्यावं?

पहिला पट्टा. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नये. माणूस पडला की सगळा हिसका कमरेवर आणि पोटावर येतो. आतड्याला इजा होते, पाठीचा मणका जातो. पट्टा पूर्ण अंगाचा हवा. तो दोन्ही खांद्यांवरून येतो, छातीवर जुळतो आणि दोन्ही मांड्यांभोवती बसतो. पडलं तर भार सगळ्या अंगावर वाटला जातो. मोठ्या इमारतीवर काम करणारे मजूर असा पट्टा घालतात, तुम्ही पाहिला असेल.

आता आपल्याला वाचता येतं. त्याचा उपयोग दुकानात करायचा. पट्ट्याला आतून एक चिठ्ठी शिवलेली असते. दुकानदार काय म्हणतो ते ऐका, पण चिठ्ठी स्वतः वाचा. तीवर आय. एस. आय. ची खूण आहे का? ३५२१ हा आकडा आहे का? अंगाच्या पट्ट्यासाठी आपल्या देशाचं जे प्रमाण ठरलं आहे, त्याचा हा आकडा आहे. कोणत्या साली बनवला, किती वजनाच्या माणसासाठी बनवला, हेही चिठ्ठीवर असतं. अक्षरं इंग्रजी असली तर शाळेतल्या पोराला बरोबर न्या. त्यात लाज नाही. चिठ्ठीच नसेल तर पट्टा खाली ठेवा आणि दुकानाबाहेर पडा.

जुना पट्टा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. त्या पट्ट्यावर आधी कोणी पडलं होतं की नाही, हे आपल्याला कळत नाही. एकदा पडणाऱ्याला ज्यानं झेललं, तो पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. वरून धड दिसला तरी आतली शिवण ताणलेली असते.

दुसरा दोर. इथं आपण फार चुकतो. घरात कासरा असतो, विहिरीचा नाडा असतो, ट्रकवर ताडपत्री बांधायची पिवळी नाहीतर निळी दोरी असते. "एवढा दोर बैल धरतो, मला धरणार नाही का?" असं माणूस म्हणतो. बैल दोर ओढतो. तो वरून दोरावर पडत नाही. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. काथ्याचा आणि तागाचा दोर आतून कुजतो आणि वरून कळत नाही. ताडपत्रीची दोरी उन्हानं कडक होते, तिची कुसळं निघतात.

चढण्याचा दोर वेगळा मिळतो. त्याच्या आत धाग्यांचा गाभा असतो आणि वरून विणलेली साल असते. जाडी ११ ते १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीएवढी. या दोराचे दोन आखूड तुकडे लागतात. त्यांना टोकाला कड्या हव्यात. कडी आपोआप मिटणारी आणि मिटल्यावर कुलूपबंद होणारी हवी. बैलाच्या दावणीची कडी किंवा बादलीचा आकडा चालत नाही.

तिसरी डोक्याची टोपी. तिच्यावर २९२५ हा आकडा पाहा. हनुवटीखालून पट्टा हवा, नाहीतर माणसाआधी टोपीच खाली येते. मोटारसायकलची टोपी घालून चढू नये. तिच्यात वरचं दिसत नाही, खालच्याची हाक ऐकू येत नाही.

पायात रबरी तळाचे कापडी बूट. चपला नकोत. धोतर, लुंगी, गळ्यातला पंचा यांपैकी काही नको. बोटातली अंगठी घरी ठेवावी. ती फांदीच्या खुंटात अडकली आणि अंग खाली गेलं, तर बोट सोलून निघतं.

एवढ्या सामानाला काही हजार रुपये पडतात. मजुरी करणाऱ्याला हे जड आहे, आम्ही जाणतो. या पोरानं पहिल्या वर्षी पैसे साठवले आणि तोवर खाली राहून वेचणीचं काम केलं. दोघाचौघांनी मिळून घेतलं तरी चालतं. मात्र पट्टा ज्याचा त्याच्या अंगाला बेतून बसवावा लागतो.

इथं एक फसगत सांगून ठेवतो. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या भागांत बांधावर नारळ आहेत. नारळावर चढायचं एक यंत्र मिळतं. केरळात चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ नावाच्या माणसानं ते बनवलं. दोन लोखंडी चौकटी असतात, प्रत्येकीचा तारेचा वेढा खोडाभोवती बसतो. एक पाय उचलला की एक चौकट वर सरकते, मग दुसरी. जिना चढावा तसा माणूस वर जातो. २०११ साली नारळ विकास मंडळानं केरळात हे यंत्र देऊन तरुणांना सहा दिवस शिकवायला सुरुवात केली. बायकाही शिकल्या आणि नारळ उतरवून मिळवू लागल्या. यंत्र चांगलंच आहे. पण आमच्या ओळखीच्या एकानं ते विकत आणलं आणि आंब्याला लावायला गेला! आंब्याला आणि चिंचेला फांद्या असतात. वेढा पहिल्या फांदीशीच अडतो. ते यंत्र सरळ, बिनफांद्यांच्या खोडासाठीच आहे. आणि ते वापरतानाही अंगाचा पट्टा लागतोच. नारळाच्या खोडाला पाय ठेवायला खाचा मात्र पाडू नका. त्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि झाड आतून पोखरून जातं.

आता चढणं.

तात्यानं पोराला पहिले चार दिवस झाडावर चढू दिलं नाही. पट्टा घालायला लावला. एका जाड फांदीला दोर बांधून जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लोंबकळायला लावलं. पट्टा कुठं काचतो, कुठं सैल आहे, हे तिथंच कळतं. मग गाठ शिकवली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी ती गाठ ताण आला की घट्ट होते, आपोआप सुटत नाही. पोरगा ती गाठ डोळे मिटून बांधू लागला तेव्हा तात्या म्हणाला, "आता झाड वळकायला चल."

कारण सगळी झाडं सारखी नसतात. चिंचेची फांदी चिवट. ती वाकते, लवकर मोडत नाही. पण वाळकी फांदी चिंचेचीही मोडते. शेवगा आणि पांगारा यांच्यावर चढूच नये, खालून आकडीनं काढावं. जांभळाची फांदी फार फसवी. दिसायला मनगटाएवढी, आणि पाय ठेवला की काडकन जाते. त्यात जांभूळ पिकतं ज्येष्ठात, पहिल्या पावसात, म्हणजे साल निसरडी असते तेव्हा. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडची माणसं हे जाणतात, तरी दरसाल कुणीतरी पडतं.

चढण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारायची. खोडाला पोकळी आहे का? बुंध्याशी अळंबी उगवली आहे का? तसं असेल तर आत कूज आहे. वर आग्या मोहोळ आहे का? असेल तर ते झाड त्या दिवशी सोडा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं पेटीतल्या सातेरी माशा पाळतात, त्या गरीब. आग्या माशीचं तसं नाही. ती खवळली की माणूस उंचीचं भान विसरतो आणि उडी टाकतो.

आणि तारा. झाडाजवळून विजेची तार गेली असेल तर चढू नका. तार हाताला लागलीच पाहिजे असं नाही. ओला बांबू किंवा लोखंडी आकडी तारेजवळ नेली तरी वीज अंगातून जाते. १९१२ या नंबरावर महावितरणला फोन करा, वीज बंद करून घ्या. बंद झाली असं नुसतं कोणी सांगितलं म्हणून वर जाऊ नका, वायरमन समोर असू द्या.

पहिल्या बेचक्यापर्यंत शिडीनं जावं. शिडी खालून एकानं धरावी. बेचक्यात पोचलं की पहिला आखूड दोर डोक्याच्या वरच्या, निदान मांडीएवढ्या जाड फांदीला वेढा देऊन अडकवावा. मग दुसरा दोर त्याच्या वर. पुढं जाताना एकच सोडायचा. तो नव्या जागी अडकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तात्या खालून सारखा विचारायचा, "बांधलेला कुठला?" पोरानं वरून दाखवायचं. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं. शेंड्याच्या आकड्यांसाठी बारीक फांदीवर जायचं नाही. जाड फांदीवर बसून आकडीनं हलवायचं. खाली वेचणाऱ्या बायका त्या वेळी बाजूला उभ्या हव्यात. कोयता कमरेला खोचू नये, वेगळ्या दोरीनं नंतर वर ओढून घ्यावा.

खाली एक माणूस नेहमी हवा. गडी पट्ट्यात अडकून बेशुद्ध लोंबकळला तर त्याला लवकर खाली घ्यावं लागतं. तसं लोंबकळणंही जिवावर बेततं. कोणी जमिनीवर पडलाच तर चौघांनी हातपाय धरून उचलू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. तात्याला त्या दिवशी चादरीत घालून, जीपच्या मागे बसवून नेलं होतं. कमर पडण्यानं गेली की त्या बसवण्यानं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

विम्याचंही ऐका. बँकेत खातं असेल आणि वय १८ ते ७० असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापून घेतले जातात. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर २ लाख रुपये मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस पासबुकात २० रुपये कापल्याची नोंद स्वतः वाचून पाहा. खात्यात तेवढे पैसे नसतील तर विमा बंद पडतो आणि घरात कुणाला कळत नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्या एकासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदानाची योजना आहे. तीत उंचावरून पडणंही धरलं जातं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. तात्याच्या घरी हे कुणाला ठाऊकच नव्हतं. व्यापाऱ्यानं दवाखान्याचे थोडे पैसे दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. त्या कागदावर काय लिहिलं होतं, ते तात्याला आजही माहीत नाही.

सामान घरी आणलं की खुंटीला टांगावं. उन्हात नको. उंदराच्या वाटेवर नको. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ, खताच्या पोत्याजवळ, फवारणीच्या औषधाजवळ तर मुळीच नको. बॅटरीचं पाणी उडालं तर दोर जळतो, आणि डाग दिसेलच असं नाही. दर वेळी चढण्याआधी दोर हातातून पूर्ण सरकवून पाहावा. कुठं मऊ लागला, कुठं फुगला, कुठं सालीतून गाभा दिसला, की तो दोर गेला. गुरं बांधायला वापरा.

चढणं शिकायची रीतसर सोय कुठं आहे, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे इथं, सांगली जिल्ह्यात कांचनपूरला अशी केंद्रं आहेत.

आम्ही निघालो त्या दिवशी पोरगा पहिल्या बेचक्यात उभा होता. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर. त्याच्यावर अजून पाऊण झाड होतं. व्यापारी आला, वर बघून म्हणाला, "आज एवढंच का?"

तात्यानं अंगणातून काठी टेकत येऊन त्याला सांगितलं, "आज एवढंच. झाड कुटं जातंय?" आणि मग वर बघून, "बांधलेला कुठला रं?"

पोरानं डावा दोर हलवून दाखवला.