कन्हानचीं अक्षरें किती?

‘घटक चाचणी’ हा शब्द ऐकतांच आमच्या विद्यार्थिवाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु येथें ज्या चाचणीचा विचार करावयाचा आहे, ती त्यांची नसून संगणकाच्या आज्ञावलीची आहे. पालकांनीहि ती समजून घ्यावी, कारण मुलांचीं नांवें व गुण आज अशाच आज्ञावल्या छापीत असतात.

समजा, ओळखपत्रावर गांवाच्या नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें छापावयाचीं आहेत. ‘कन्हान’ या शब्दांत क, न्हा व न अशीं तीनच अक्षरें असल्यामुळें नांव सबंध उमटलें पाहिजे. परंतु ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचलेल्या जाव्हास्क्रिप्ट भाषेस या शब्दाची लांबी विचारली, तर ती सहा सांगते! क, न, हलन्ताची खूण, ह, काना आणि न हीं सर्व चिन्हें ती सुटीं मोजते. तिला पहिलीं तीन घ्यावयास सांगितलें, कीं ‘कन्’ एवढेंच हातीं येतें. आज्ञावली कोठें अडत नाहीं, तक्रारहि करीत नाहीं. गांवाचें नांव मात्र मोडून छापलें जातें.

यावर उपाय असा, कीं अक्षरें मोजणारा भाग वेगळा लिहावयाचा, त्यास एकट्यासच प्रश्न टाकावयाचा, आणि आपणांस ठाऊक असलेल्या उत्तराशीं त्याचें उत्तर ताडून पाहावयाचें. हीच घटक चाचणी. नोड या साधनांत अशा चाचण्या घेण्याची सोय २०२२ पासून अंगचीच आहे.

परंतु चाचणी आठवणीवर सोंपविली, तर घाईच्या दिवशीं नेमकी तीच राहते. म्हणून ती बांधणींत गोंवतात. अनेक लहान धारिका एकत्र करून वापरण्याजोगी आज्ञावली सिद्ध करणें, यास बांधणी म्हणतात. हें काम क्रमवार करून घेणारें ‘मेक’ हें साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत केलें. जाव्हास्क्रिप्टच्या जगांत एनपीएम हें साधन तसेंच काम करितें. त्याच्या यादींत ‘बिल्ड’ या कामाआधीं ‘प्रीबिल्ड’ या नांवानें चाचणी लिहून ठेविली, कीं ती प्रत्येक बांधणीपूर्वीं आपोआप होते. चाचणीनें शून्य हा अंक परत दिला तर ती उत्तीर्ण. दुसरा कोणताहि अंक आला, कीं बांधणी तेथेंच थांबते. शून्य मिळवून उत्तीर्ण होण्याचें हें भाग्य आमच्या विद्यार्थ्यांस मात्र लाभत नाहीं!

आतां प्रश्न कोणते घालावे, यांतच खरें कौशल्य आहे. आमच्या जंक्शनावरून ज्या गांवास फांटा जातो, त्या ‘रामटेक’चीं अक्षरें चार. जाव्हास्क्रिप्टचा सेगमेंटर हा विभाजक तीं बरोबर चार सांगतो. तेवढ्यावर समाधान मानून चालत नाहीं, कारण रामटेकांत जोडाक्षरच नाहीं. जुन्या नियमांवर चालणारा विभाजक ‘न्हा’चे दोन तुकडे करून ‘कन्हान’चीं अक्षरें चार सांगतो. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तींत, २०२३ सालीं आला. म्हणजे तीच आज्ञावली एका यंत्रावर बरोबर व दुसऱ्यावर चूक ठरूं शकते, आणि लिहिणाऱ्यानें तर एक अक्षरहि बदललेलें नसतें. अशा वेळीं अपेक्षित उत्तर तीनाचें चार करून बांधणी पुढें रेटणारेहि आढळतात. तसें न करितां ज्या यंत्रावर आज्ञावली चालावयाची, तेथील नोडच्याच आवृत्तीवर चाचणी घ्यावी, आणि तींत ‘रामटेक’च्या जोडीस ‘कन्हान’ व ‘श्रीकृष्ण’ अवश्य घालावे.