सवाल आणि त्याचा प्रतिपक्ष : जाखडी व ‘स्वदेसी’चा रॅप

रत्नागिरी जिल्ह्यात गणेशोत्सवात रंगणारी जाखडी आणि मुंबईतील ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाचा रॅप हे दोन्ही पद्यातून सवाल करणारे प्रयोगरूप आविष्कार आहेत. हिप-हॉपचा उगम १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, तर जाखडीचे नाते कलगी-तुऱ्याशी आहे. तेव्हा त्यांच्यात वारसा शोधण्याचा मोह टाळून सवालाच्या स्वरूपाचीच तुलना करणे अधिक उपयुक्त ठरेल.

जाखडीत गायक-वादक मध्यभागी बसतात आणि चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. शक्तीवाले प्रकृतीचे, तर तुरेवाले पुरुषाचे श्रेष्ठत्व मांडतात. एका शाहिराने पौराणिक कोडे घातले की दुसऱ्याने त्याचे उत्तर पद्यातच द्यावयाचे, हा संकेत आहे. चाकरमान्यांबरोबर ही कला मुंबईत गेली आणि तेथील नाट्यगृहांत शक्ती-तुऱ्याचे सामने होऊ लागले. अंगण सुटले, तरी प्रतिपक्ष समोरच राहिला.

हिप-हॉपमध्येही ‘सायफर’ नावाचे कडे असते. त्यात उभे राहून रॅपर आळीपाळीने रचना म्हणतात. मुंबईच्या अशाच भूमिगत वर्तुळातून ‘स्वदेसी’ पुढे आला. हिंदी, मराठी, गुजराती अशा आपापल्या भाषेत गाणारे रॅपर हे त्याचे वैशिष्ट्य होय. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ या चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतात गटातील काहींचे आवाज आले आणि या वर्तुळाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत ते पोहोचले.

त्याच वर्षीच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या रचनेचा विषय मात्र आरेचे जंगल आणि तेथील आदिवासींचे जगणे हा आहे. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा स्वर तीत आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्याविषयी बोलणे आणि त्यांनी स्वतः बोलणे, यांतील अंतर या सहभागामुळे कमी होते.

येथेच जाखडीशी असलेला भेद स्पष्ट होतो. येथील सवाल ज्या व्यवस्थेला उद्देशून आहे, ती फडात उतरत नाही. पद्यात उत्तर देण्याचे बंधन तिच्यावर नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला वृक्षतोड थांबविण्याचा आदेश दिला, तरी पुढे कारशेड आरेतच उभे राहिले.

म्हणून अशा रचनेचे मोल तिला मिळालेल्या जबाबावरून ठरविता येत नाही. जाखडीत उत्तर मिळाले की सवाल मिटतो; येथे तो श्रोत्याकडे सोपविला जातो. गटातील ‘एमसी तोडफोड’ म्हणजे धर्मेश परमार मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या पश्चात ध्वनिमुद्रणांत उरलेला आवाज आजही श्रोत्याला प्रतिपक्षाच्या रिकाम्या जागेसमोर उभा करतो. लोकपरंपरेतील सवालाचे मर्म जाणणाऱ्या मराठी समीक्षेने या आवाजाला केवळ परकी अनुकृती मानून दूर ठेवणे उचित नव्हे.