दोघींची शिस्त वेगळी

गडहिंग्लज, १२ ऑगस्ट

चि. सायली,

गच्चीवर ढोबळी आणि तिखट, दोन्ही मिरच्या लावायच्या ठरवल्यास हे वाचून फार बरं वाटलं. तिखटाशेजारी लावली की ढोबळीही तिखट होते, असं शेजारच्या काकू म्हणाल्या ना? ते मनातून काढून टाक. मिरचीचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, तरी मधमाशा इकडचा पराग तिकडे नेतातच. पण त्यानं यंदाचं फळ बदलत नाही, बदलतं ते आतलं बी. ते बी पुढच्या वर्षी पेरलंस, तर मात्र ढोबळीच्या पोटी तिखट मिरची येईल, कारण तिखटपणाचा गुण वरचढ असतो. म्हणून बी धरायचं असेल तर ढोबळीच्या दोन-चार कळ्या उमलायच्या आधीच मलमलीच्या तुकड्यात सैल बांध, फळ धरलं की कापड सोड आणि देठाला दोरा बांधून खूण कर. संकरित ढोबळीचं बी धरू नकोस, त्याची रोपं आईवर जात नाहीत. ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे जुनं सरळ वाण घे.

वनस्पतिशास्त्राच्या लेखी या दोघी एकाच जातीच्या, पण त्यांना एकाच शिस्तीत वाढवायला जाऊ नकोस. माझं सगळं सांगणं एवढ्याचसाठी आहे.

ढोबळीला ऊन हवं, उकाडा नको. दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला की ती फुलं गाळते. तुझ्या पुण्याच्या एप्रिलात तिचा हट्ट धरू नये. या महिनाअखेरीस बी टाक, पाच-सहा आठवड्यांनी रोप मोठ्या कुंडीत हलव. पहिल्या बेचक्यातलं पहिलं फूल मन घट्ट करून खुडून टाक, म्हणजे झाड आधी अंग धरेल. तिला पाणी नेमानं हवं. आज कोरडं आणि उद्या तळं असं झालं की फळाच्या बुडाशी काळपट, खोलगट चट्टा पडतो. लोक रोग समजून औषध मारतात. खरं तर फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. पाण्याची वेळ सांभाळ, पुढची फळं चांगली येतील.

तिखट मिरचीचं उलट. वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी देऊ नकोस. थोडा ताण बसला तर तिखटपणा चढतो. युरिया कुणी हौसेनं दिला तरी घालू नकोस, नुसता पाला माजेल आणि फुलांची वाट बघत बसशील.

पानं चुरडून टाकणाऱ्या बोकड्याची धास्ती मात्र दोघींनाही आहे. रोज सकाळी शेंड्याचं एक पान उलटं करून बघत जा. कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद दिसलं तर कोळी. पांढरी माशी उडाली तर अधिक जपायचं, कारण ती विषाणू पसरवते. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगाला फवार. विषाणूनं पुरतं चुरडलेलं झाड ठेवू नकोस, उपटून टाक. जीव तुटतो, पण बाकीची वाचतात.

हिरव्या मिरच्या तोडत राहिलीस तर झाड धरत राहील. लाल ढोबळी हवी असेल तर तीच हिरवी आणखी तीन-चार आठवडे झाडावर राहू दे. आणि तिखट मिरची उभी चिरलीस की बघ, बी ज्याला चिकटलेलं असतं तो पांढरा गाभाच खरा तिखट. भाजीचा तिखटपणा कमी करायचा तर तो काढ, नुसतं बी झटकून भागत नाही. हाताची आग पाण्यानं जात नाही. आधी तेल चोळ, मग साबण लाव.

सोबत संकेश्वरी या तिखट मिरचीचं बी पाठवते आहे. तिची खरी पेरणी मे-जूनची, पण कुंडीत आत्ता टाकलीस तरी चालेल. बोकड्या दिसला तर लगेच फोन कर.

तुझी,
मावशी