परदेशी स्नेह्यांचे बँक खाते

प्रश्न : मेहेराबादेत वर्षभराच्या मुक्कामास आलेल्या परदेशी स्नेह्यांना ऑनलाइन व्यवहारांसाठी बँकेत खाते हवे आहे. कोणते दस्तऐवज लागतील? – एक वाचक, अरणगाव

उत्तर : पारपत्र व वैध व्हिसा हे मुख्य दस्तऐवज होत, परंतु पारपत्रावर पुष्कळदा पत्ता नसतो आणि अडचण नेमकी तेथेच उद्भवते, म्हणून स्वदेशाच्या सरकारी खात्याचा दस्तऐवज अथवा भारतातील त्यांच्या वकिलातीचे पत्र, जे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पत्त्याचा पुरावा म्हणून ग्राह्य आहे, ते आधीच मागवावे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास बहुधा १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा दाखला हाती येण्यापूर्वी बँकेत जाण्याची घाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधार मात्र १८२ दिवसांच्या वास्तव्यानंतरच मिळते. अर्जात नाव पारपत्राबरहुकूम, मधल्या नावासह, अक्षरशः उतरवावे.